कलीम आपल्याला जवळचा का वाटतो?



डेप्युटी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना विचारून पाहा : या कादंबरीतले कोण लक्षात राहिले? बहुतेक जण कलीमचे नाव घेतील. कादंबरी ज्याच्या नावाची, तो नसूह हा कलीमचा बाप. तो नमाजी, विचारी आणि अल्लाहला भिणारा आहे. कलीम मात्र घरातला सगळ्यात बिघडलेला मुलगा. शायरीचा, बुद्धिबळाचा आणि दोस्तांच्या मैफलींचा शौकीन, बापाचे न ऐकणारा. लेखकाने आपल्यासमोर आदर्श म्हणून बाप ठेवला आणि इशारा म्हणून मुलगा ठेवला. तरी वाचकाचा जीव मुलात अडकतो.

असे का होते, आणि असे झाले तर घरातल्या मोठ्यांनी काळजी करावी का, हा या महिन्याचा विषय. पालक सभेत अनेक माता-पिता मला हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात : “टीचर, कादंबऱ्यांत वाईट माणसे असतात. मुलांना तीच आवडू लागली तर?”

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. नजीर अहमद हे बिजनौर भागातले. दिल्ली कॉलेजात शिकले, सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर झाले, म्हणून ‘डेप्युटी’ हा शब्द त्यांच्या नावालाच चिकटला. भारतीय दंड संहितेच्या उर्दू अनुवादात त्यांचा वाटा होता, पुढे त्यांनी कुरआनचाही उर्दू अनुवाद केला. आपल्या मुलींना वाचायला योग्य असे काही मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून 1869 मध्ये ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी आली. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले होते. ‘तौबतुन्नसूह’ त्यानंतर काही वर्षांनी आली.

कथा दिल्लीची आहे. शहरात कॉलऱ्याची साथ येते. नसूहच्या घरातही मृत्यू होतात, त्याचे वडील जातात. मग तो स्वतः आजारी पडतो. औषधाच्या गुंगीत त्याला स्वप्न पडते : हिशेबाच्या दिवसाची कचेरी भरली आहे आणि त्याचे वडील आरोपी म्हणून, कर्मांची वही हातात घेऊन, निवाड्याची वाट पाहत आहेत. नसूह बरा होतो, पण ते स्वप्न त्याला सोडत नाही. आयुष्य गाफील राहण्यात गेले, मुलांनाही आपण तसेच वाढवले, हे त्याला कळते. तो पत्नी फहमीदाला विश्वासात घेतो आणि दोघे घर सुधारायला निघतात.

धाकटी मुले लवकर वळतात. छोटी हमीदा नमाजीबद्दल आईला भाबडे प्रश्न विचारते आणि आईच त्या प्रश्नांनी हलून जाते. सलीमच्या मनावर शेजारच्या एका नेक म्हाताऱ्या बाईचा आधीच चांगला परिणाम झालेला असतो. मधला अलीमही ऐकतो. अडतात ती मोठी मुले : लग्न झालेली नईमा आणि थोरला कलीम. बाप बोलावतो आणि कलीम जात नाही. आई समजावते, भाऊ समजावतो, बाप पत्र लिहितो, तरी तो बापासमोर उभा राहत नाही आणि शेवटी घर सोडून जातो.

पुढचा भाग अनेक उर्दू पाठ्यपुस्तकांत घेतला गेला आहे. कलीम आपल्या जिवलग दोस्ताकडे, मिर्झा जाहिरदार बेगकडे जातो. हा मिर्झा मोठ्या हवेलीचा मालक असल्याच्या बाता मारत असे. रात्री कळते की हवेली दुसऱ्याचीच आहे. मिर्झा त्याला एका ओसाड, अंधाऱ्या मशिदीत झोपायला पाठवतो आणि जेवण म्हणून भाजलेले चणे आणून देतो. वर त्या चण्यांची अशी तारीफ करतो की जणू शाही दस्तरखान मांडला आहे! सकाळी उठावे तर कलीमचे सामान चोरीला गेलेले, अंग घाणीने माखलेले आणि मिर्झा गायब. उलट मिर्झाची सतरंजी आणि उशी लांबवल्याचा आळ कलीमवरच येतो आणि तो कोतवालीत पोहोचतो.

हा भाग मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा चण्यांच्या तारिफेवर मुले मोठ्याने हसतात. सकाळच्या प्रसंगापर्यंत आले की हसू थांबते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “टीचर, त्याला शोधायला रात्री घरातून कुणी आले नाही का?” तो मुलगा वर्गात क्वचित बोलत असे. कलीम बरोबर की चूक, असे त्याने विचारले नव्हते. कलीम एकटा होता का, एवढेच त्याला हवे होते.

कादंबरीतल्या चुकणाऱ्या माणसाशी आपले नाते असे जुळते. आपण त्याच्या चुकीला होकार देत नाही, त्याच्या जागी स्वतःला पाहतो. कलीममध्ये जे आहे ते थोडेफार सगळ्यांमध्ये आहे. आपल्याला हुशार समजणाऱ्यांची संगत हवीशी वाटते. घरच्यांपेक्षा दोस्तांच्या स्तुतीवर लवकर विश्वास बसतो. चूक कळूनही माघारी फिरताना अहंकार आडवा येतो. दार अगदी समोर असते, पण ‘आत गेलो तर हरलो’ असे वाटते. नसूहसारखे स्वप्न पडून एका रात्रीत बदलणारी माणसे थोडी. दाराबाहेर घुटमळणारी पुष्कळ. म्हणून कलीम ओळखीचा वाटतो.

पालकांना भीती वाटते ती इथे. पण तीन गोष्टी वेगळ्या करून पाहू. एक, ‘हा माझ्यासारखा आहे’ असे वाटणे. दुसरी, त्याची दया येणे. तिसरी, ‘त्याने केले ते बरोबरच’ असे म्हणणे. पहिल्या दोन गोष्टींवरून मूल आपोआप तिसरीवर जात नाही. उलट ‘हा माझ्यासारखा आहे’ हे वाटल्याशिवाय ‘मग माझे काय होईल?’ हा प्रश्न मनात उगवतच नाही. चुकणारा माणूस अगदी परका, अगदी काळा रंगवला, तर वाचणारा निश्चिंत राहतो. तो दुसरा, मी वेगळा, असे म्हणून पुस्तक मिटतो. अशा वाचनाने गर्व वाढतो, माणूस सुधारत नाही.

कुरआन आणि कादंबरी यांची बरोबरी होऊ शकत नाही आणि मला ती करायचीही नाही. पण माणसाच्या चुका कशा सांगाव्यात, हे आपण कुरआनातूनच शिकतो. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांच्या भावांचा मत्सर लपवलेला नाही. वडिलांना तो भाऊ अधिक प्रिय आहे, ही त्यांची सल आहे. ही सल ज्या घरात नाही असे घर दाखवा! त्यांनी भावाला विहिरीत टाकले, वडिलांशी खोटे बोलले. तरी त्यांची गोष्ट विहिरीजवळ संपत नाही. ते कबुली देतात, भाऊ त्यांना माफ करतो आणि वडिलांना ते आपल्यासाठी क्षमेची प्रार्थना करायला सांगतात. ही सूरह वाचताना आपण स्वतःला नेहमी यूसुफ (अ.) यांच्या बाजूला धरतो. एखाद्या वेळी भावांच्या ओळीत उभे राहून पाहिले, तर मन अधिक लवकर ओले होईल.

आता ‘तौबतुन्नसूह’मधली जी गोष्ट मुलांपेक्षा मोठ्यांनी वाचावी अशी मला वाटते, तिच्याकडे येते. कलीम घरातून गेल्यावर नसूह त्याच्या खोल्या उघडतो. आत सजावट, तसबिरी, पुस्तकांनी भरलेली कपाटे. ते पाहून नसूहचा संताप अनावर होतो आणि तो मुलाचा शौकाचा सगळा पसारा, पुस्तकांसकट, पेटवून देतो.

लहान वयात हे वाचले की वाटते, बापाने वाईट गोष्टी नष्ट केल्या. आई-बाप झाल्यावर वाचले की दुसरे प्रश्न पडतात. ही आग कुणासाठी होती? मुलगा तर ती पाहायलाही घरात नव्हता. त्या खोल्या एका दिवसात सजल्या नव्हत्या. इतकी वर्षे त्या याच घरात होत्या, याच बापाच्या पैशावर. मुलगा शेर म्हणायचा तेव्हा घरातल्यांनीच वाहवा केली असेल. मुलाला वीस वर्षे एका वाटेने चालू दिले आणि मग एका आठवड्यात वळायला सांगितले. न वळणे ही त्याची चूक खरी, पण वाट कुणी दाखवली?

म्हणजे नसूहही चुकणारा माणूस आहे, आणि नजीर अहमद यांची थोरवी अशी की हे त्यांनी झाकलेले नाही. मुले बिघडली याचा दोष माझा आहे, असे नसूह स्वतः पत्नीजवळ कबूल करतो. मोठ्यांना वळवणे अवघड जाईल, हेही नवरा-बायकोला दिसते. तरीही घाई होते, कारण त्याने मृत्यू जवळून पाहिला आहे. त्याची भीती खरी आहे, मुलांवरची माया खरी आहे, आणि त्याची पद्धत चुकते आहे. तिन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी. असा बाप आपल्या ओळखीचा नाही का? उमराहून किंवा इज्तिमाहून परतल्यावर ज्याला मनापासून वाटते की आता घर बदलायचे, आणि जो पहिल्याच संध्याकाळी थोरल्या मुलाचा मोबाईल हिसकावून घेतो? हेतू चांगला असतो. पण मुलाला हेतू दिसत नाही, हिसका तेवढा जाणवतो.

घर कशाने बदलते, याचे उत्तरही याच कादंबरीत आहे. नईमाचे प्रकरण पाहा. हमीदा नमाजीला उभी राहते, तेवढ्यात नईमाचे बाळ रडते. नईमा चिडून नमाज पढणाऱ्या धाकट्या बहिणीला ढकलते. हमीदाला लागते. आई बोलते, नईमा दीनाबद्दल नको ते बोलून जाते आणि आईचा हात उठतो. या थपडेने नईमा बदलत नाही. ती रुसते, जेवण सोडते. तेव्हा मावसबहीण सालिहा येते, तिच्याजवळ बसते, तिला बोलू देते आणि आपल्या घरी घेऊन जाते. खालाच्या घरचे वातावरण नेक आणि शांत. तिथे कुणी नईमावर डोळे वटारत नाही. हळूहळू ती आपण होऊन नमाजीला उभी राहते. म्हणजे नईमाला सालिहा भेटली आणि कलीमला जाहिरदार बेग भेटला. घरातून रागाने निघालेल्या मुलाला बाहेर पहिल्यांदा कोण भेटते, यावर पुष्कळ काही ठरते. आपल्या नात्यात एखादी सालिहा आहे का, आणि आपण कुणासाठी सालिहा होतो का, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

पुढे कलीमचे हाल होत जातात. मालमत्ता उडवतो, कर्जात अडकतो, मग दौलताबादला जातो. (हा आपल्याकडचा किल्ला नव्हे, कादंबरीतले काल्पनिक संस्थान.) तिथे फौजेत भरती होतो, लढाईत जबर जखमी होतो. शेवटी परत आपल्या माणसांत आणला जातो आणि पश्चात्ताप करत जगाचा निरोप घेतो. त्याची तौबा खरी आहे. पण ती यायला जी वर्षे गेली ती कुणाला परत मिळाली नाहीत, त्यालाही नाही आणि त्याच्या आईलाही नाही.

चुकणाऱ्या पात्राची चांगली कादंबरी आणि वाईट कादंबरी यांतला फरक मी यावरूनच ओळखते. चुकीची किंमत कुणी मोजली, हे लेखक दाखवतो का? कलीमची मौज दाखवली, तशी मशिदीतली रात्रही दाखवली आणि आईचे अश्रूही दाखवले. जे पुस्तक किंवा जी मालिका फक्त मौज दाखवते आणि बिल लपवते, तिच्यापासून मुलांना जरूर सावध करावे. पात्र नेक आहे की नाही एवढ्यावर पुस्तक पारखू नये.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. ‘मिरातुल उरूस’मधल्या अकबरी आणि असगरी या दोन बहिणी उर्दू घरांत म्हणींसारख्या झाल्या आहेत. थोरली अकबरी लाडावलेली, हट्टी, कामाला नाखूश. धाकटी असगरी समंजस, हिशेबी. ती सासरचे घर सावरते, चोरी करणारी नोकरीण पकडते, मुलींना शिकवते. झाले, तेव्हापासून कामात जराशी चुकलेली मुलगी ‘अकबरी’ ठरते! सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावे ठेवायला मनाई आहे, हे आपण अशा वेळी सोयीने विसरतो.

अकबरीची गोष्ट नीट वाचली तर टोमण्याऐवजी शहाणपण हाती लागते. वेगळा संसार मांडल्यावर ती दिवसभर एकटी असते. एक बाई हज केलेली नेक स्त्री म्हणून घरी येऊ लागते. गोड बोलते, छान वस्तू स्वस्तात आणून देते, विश्वास मिळवते, आणि एक दिवस दागिने उजळून आणते म्हणून सगळे घेऊन जाते. अकबरी मूर्ख होती, असे म्हणून पुढे जाता येते. पण आज फोनवर गोड बोलून, आधी थोडा फायदा दाखवून, शिकल्यासवरल्या माणसांचे पैसे काढून घेणारे वेगळे काय करतात? अकबरीला त्या बाईचे येणे हवेसे वाटले, कारण तिच्याशी प्रेमाने बोलणारे दुसरे कुणी दिवसभरात येत नव्हते. हे कळले की आपण स्वतःही सावध होतो आणि घरातल्या एकट्या पडलेल्या सुनेकडेही लक्ष जाते. ‘मिरातुल उरूस’ म्हणजे वधूचा आरसा. आरसा आपण स्वतःसमोर धरतो. दुसऱ्याच्या तोंडासमोर धरून “बघ, कशी दिसतेस!” म्हटले, तर तो आरसा राहत नाही.

घरात मुलांबरोबर गोष्ट वाचताना काय करावे, असे पालक विचारतात. मी वर्गात करते तेच सांगते. गोष्ट संपल्या संपल्या “यातून काय बोध मिळाला?” हा प्रश्न मी विचारत नाही. त्याचे उत्तर मुलांना पाठ असते : वाईट संगत धरू नये. त्याऐवजी विचारते, कलीमला नक्की काय हवे होते? तो कुठल्या क्षणी परत फिरू शकला असता? त्या क्षणी त्याला कोण थांबवू शकले असते? आणि शेवटी, या घरात तू कोण? मुले या प्रश्नांची उत्तरे फार प्रामाणिकपणे देतात. एका मुलीने लिहिले होते की ती हमीदा नाही, हमीदाला ढकलणारी नईमा आहे, आणि आज घरी जाऊन ती बहिणीशी बोलणार आहे. असे उत्तर आले की बोध वेगळा सांगावा लागत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मुलाने ‘मी कलीमसारखा आहे’ असे सांगितले, तर ती अमानत समजावी. पुढच्या भांडणात ते शस्त्र म्हणून वापरू नये. एकदा वापरले की ते मूल पुन्हा मन उघडणार नाही. आणि शेवटचा प्रश्न मोठ्यांनीही स्वतःला मोठ्याने विचारावा. “मी थोडा नसूह आहे, मला घाई होते” असे अब्बा मुलांसमोर म्हणाले, तर त्यांचा मान कमी होत नाही. मुलांना फक्त इतके कळते की या घरात चूक कबूल करता येते.

‘तौबतन नसूहा’ हे शब्द सूरह तहरीमच्या आठव्या आयतीतले. श्रद्धावंतांना तिथे खऱ्या, मनापासूनच्या तौबेचा आदेश आहे. त्यातूनच नजीर अहमद यांनी पुस्तकाचे आणि बापाचे नाव घेतले. हा आदेश फक्त बिघडलेल्या मुलांना नाही, सगळ्या श्रद्धावंतांना आहे. आदमची सगळी लेकरे चुकणारी आहेत आणि चुकणाऱ्यांत उत्तम ते जे तौबा करतात, अशा आशयाची हदीस तिर्मिजीमध्ये आहे. म्हणजे बाप आणि मुलगा एकाच ओळीत उभे आहेत. तिथे नसूहने कलीमचा हात धरला असता, तर कदाचित कलीमला मिर्झाच्या चण्यांवर रात्र काढावी लागली नसती.

आपल्या घरात कोणी कलीम दाराबाहेर घुटमळत असेल, तर त्याच्या परतीची वाट आपल्या हातून बंद न होवो. आणि आपल्यातला नसूह घाई करू लागला, तर अल्लाह त्याला सब्र देवो. आमीन.